लॉक नसलेला घडीचा चाकू : निवड, वापर आणि निगा यांचा योग्य क्रम

खिशात मावणाऱ्या पारंपरिक घडीच्या चाकूबाबत होणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते, ती म्हणजे पाते 'टक्' आवाज करून उघडले की ते जागेवर पक्के बसले. प्रत्यक्षात अशा चाकूच्या मुठीच्या पाठीत पोलादाची एक लांब पट्टी स्प्रिंग म्हणून बसवलेली असते. तिचे टोक पात्याच्या बुंध्यावर दाब देत राहते आणि त्या दाबामुळेच पाते उघडे किंवा मिटलेले राहते. त्याला अडकवून ठेवणारे दुसरे काहीही, म्हणजे लॉक, आत नसते.

म्हणून जोराची दिशा आधी समजून घ्यावी. कापताना वस्तूकडून धारेवर जो जोर येतो, तो पात्याला आणखी उघडण्याच्या दिशेने ढकलतो. तिथे बुंधा स्प्रिंगला टेकून थांबतो आणि चाकू भक्कम राहतो. तोच जोर पात्याच्या पाठीवर आला, किंवा टोक कशात तरी रुतून मूठ वर उचलली गेली, तर स्प्रिंग उचलली जाते आणि पाते बोटांवर मिटते. चाकू निवडताना काय पाहावे, तो कसा धरावा, कोणते काम त्याच्याकडून करून घेऊ नये, या सगळ्यांची उत्तरे या एका गोष्टीतून निघतात.

जपानी हिगोनोकामीसारख्या चाकूत तर स्प्रिंगही नसते. पात्याच्या बुंध्याला जोडलेली छोटी दांडी अंगठ्याने मुठीवर दाबून धरली, तरच पाते उघडे राहते. फ्रेंच ओपिनेलमध्येही स्प्रिंग नसते; त्याच्या छोट्या आकारांचा अपवाद सोडला तर पात्याच्या बुंध्याशी एक फिरणारे कडे असते आणि ते फिरवल्यावर पाते अडकते. कडे फिरवायचे राहून गेले तर ओपिनेलही लॉक नसलेला चाकूच समजावा.

टप्पा १ : आधी काम ठरवा, मग आकार

पात्यांची संख्या, मुठीवरचे हाड किंवा शिंग, पितळी कडा यांकडे पाहून चाकू घेण्याची चूक फार सामान्य आहे. त्याऐवजी हा चाकू रोज काय कापणार, हा प्रश्न आधी विचारावा. पाकिटे, खोक्यांच्या चिकटपट्ट्या, दोरी, फळे, पेन्सिल आणि थोडे लाकूड तासणे एवढ्या कामांसाठी ५ ते ७ सेंटीमीटर लांबीचे पाते पुरते. त्याहून लांब पात्यावर टोकाशी आलेला थोडा जोरही बुंध्याशी मोठा होऊन पोहोचतो आणि स्प्रिंग तितक्याच सहज हार मानते.

पात्याच्या आकारांत दोन प्रकार ओळखता आले तरी पुष्कळ झाले. क्लिप पॉइंट पात्याची पाठ टोकाकडे कापल्यासारखी उतरते, त्यामुळे टोक बारीक आणि टोकदार होते. फळे, पाकिटे आणि नाजूक कामे यांसाठी ते चांगले. शीप्सफूट पात्याची धार सरळ असते आणि पाठ टोकापाशी वळून खाली येते, म्हणजे भोसकणारे टोक जवळजवळ उरत नाही. दोरी, पुठ्ठा आणि तासकाम यांसाठी हा आकार उत्तम आहे. पहिल्यांदाच चाकू हाताळणाऱ्याला मी शीप्सफूटच सुचवेन, कारण त्याला टोक खुपसण्याचा मोहच होत नाही. तीन पात्यांचा स्टॉकमन दिसायला आकर्षक असतो, पण त्याची मूठ जाड होते, उघडायच्या पात्यावर नख टेकवताना शेजारची पाती आड येतात आणि सफाईचे काम तिप्पट होते. पहिला चाकू एका पात्याचाच असावा.

पोलादाची निवड स्वभावानुसार करावी. १०९५ सारख्या कार्बन पोलादात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो आणि क्रोमियम जवळपास नसते. त्याला धार लवकर लागते, पण ओले राहिले तर गंजही लवकर चढतो. १२सी२७ सारख्या स्टेनलेस पोलादात क्रोमियम साधारण साडेतेरा टक्के असल्यामुळे ते ओलावा बराच सहन करते. चाकू वापरून लगेच पुसण्याची सवय नसेल तर कार्बन पोलादाच्या वाटेला जाऊ नये.

टप्पा २ : हातात घेऊन तपासणी

ही तपासणी खरेदीच्या वेळी, आणि चाकू घरपोच येणार असेल तर तो परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी करावी. क्रम बदलू नये, कारण मिटलेल्या चाकूतले दोष उघडल्यावर दिसत नाहीत.

१. मिटलेला चाकू वरून पाहा. पाते दोन्ही बाजूंच्या आतल्या पट्ट्यांच्या मधोमध असावे. ते एका पट्टीला घासत असेल तर दर वेळी उघडताना पात्यावर ओरखडे उठतील.

२. टोकाच्या बाजूने बोट हलकेच फिरवा. टोक मुठीच्या कडेच्या आत पूर्ण बुडालेले असावे. किंचित वर राहिलेले टोक खिसा फाडते आणि खिशात हात घातल्यावर बोटही.

३. मिटलेल्या पात्याची पाठ अंगठ्याने खाली दाबा. पाते आणखी आत दबत असेल तर जोरात मिटल्यावर धार आतल्या स्प्रिंगवर आपटण्याची शक्यता असते. खात्री करायची असेल तर कागदाची अरुंद पट्टी, पाते जिथे मिटते त्या मुठीतल्या खाचेत लांबीच्या दिशेने ठेवून पाते हळू मिटावे आणि मग पाठ दाबावी. पट्टीवर चीर उमटली तर धार स्प्रिंगला लागते आहे.

४. आता उघडा आणि नखाला किती जोर लागतो ते पाहा. नख वाकेल इतकी कडक स्प्रिंग मजबुतीचे लक्षण मानली जाते. हा गैरसमज आहे. ओल्या किंवा गारठलेल्या हातांनी असा चाकू उघडताना नख पात्यावरच्या छोट्या खाचेतून निसटते आणि अपघात होतो. मात्र मूठ उलटी करून झटकल्यावर पाते स्वतःहून हलत असेल तर तो चाकूही घेऊ नये.

५. पाते उघडे असताना मूठ एका हातात घट्ट धरून, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याच्या दोन्ही सपाट बाजू धरा आणि आधी डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलवून पाहा. डावी-उजवीकडे अगदी किंचित हालचाल वापरात चालते. स्प्रिंगच्या चाकूत वर-खाली हालचाल असेल तर बुंधा आणि स्प्रिंग नीट जुळलेले नाहीत, आणि हा दोष वापराने वाढतच जातो.

६. चाकू उजेडासमोर धरा. स्प्रिंग आणि बाजूच्या पट्ट्या यांच्यामधून उजेडाची रेघ दिसू नये.

तपासणी : काही चाकूंत पाते काटकोनात आल्यावर एकदा थांबते. या अर्ध्या थांब्यामुळे मिटताना बोटे सावरायला वेळ मिळतो. नवशिक्याने तो असलेला चाकू घ्यावा.

टप्पा ३ : पहिल्या कापणीआधीची सफाई

नव्या चाकूच्या सांध्यात पॉलिश करतानाची भुकटी आणि धातूचा बारीक चुरा राहिलेला असू शकतो. तो तसाच ठेवून चाकू उघड-मीट केला तर सांध्याची झीज पहिल्याच दिवसापासून सुरू होते. 'सांधा कडक आहे, वापराने सैल होईल' असे म्हणत लोक हा टप्पा गाळतात.

मूठ प्लास्टिकची किंवा धातूची असेल तर कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून जुन्या टूथब्रशने सांधा आणि खाच घासावी, वाहत्या पाण्याखाली पाते सावकाश पाच-सहा वेळा उघडून मिटावे आणि मग चाकू पूर्ण कोरडा करावा. पाते अर्धे उघडे ठेवून काही तास हवेशीर जागी ठेवले की आतला ओलावा निघून जातो. मूठ लाकूड, हाड किंवा शिंगाची असेल तर तिला पाण्यात भिजवू नये. लाकूड फुगते आणि पाते खाचेत आवळले जाते, हाडाला चिरा पडतात. अशा चाकूची सफाई केवळ तेलाने करावी.

तेल द्यायची पद्धत अशी. चाकू अर्धा उघडावा, सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक थेंब सोडावा, आठ-दहा वेळा सावकाश उघडून मिटावा आणि बाहेर आलेले काळे तेल कापडाने टिपून घ्यावे. पुन्हा थेंब सोडावा. टिपलेले तेल स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवावे. काही चाकूंना यासाठी चार-पाच फेऱ्या लागतात.

इशारा : खाद्यतेल वापरू नये. ते हवेत काही आठवड्यांत घट्ट आणि चिकट होते, मग धूळ धरून सांधा पूर्वीपेक्षा कडक करते. चाकूने खाण्याच्या वस्तू कापायच्या असतील तर औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन हा सोपा पर्याय आहे.

टप्पा ४ : उघडणे आणि मिटणे

हे दोन्ही काम दोन हातांनीच करायचे आहे. एका हाताने, झटका देऊन, मांडीवर दाबून किंवा दातांनी उघडण्याचे प्रयोग या प्रकारच्या चाकूवर करू नयेत.

उघडताना डाव्या हातात मूठ बाजूंनी धरावी, म्हणजे अंगठा एका बाजूला आणि बोटे दुसऱ्या बाजूला येतील आणि खाचेच्या तोंडावर काहीही येणार नाही. उजव्या अंगठ्याचे नख पात्यावरच्या खाचेत टेकवून पाते उचलावे. ते थोडे वर आल्याबरोबर नखावर विसंबणे सोडून अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत त्याच्या सपाट बाजू पकडाव्यात. अर्ध्या थांब्यावर क्षणभर थांबून पकड पाहावी आणि मग पाते पूर्ण उघडावे. नखाची खाच सहसा उजव्या हाताने काम करणाऱ्यांच्या सोयीने कोरलेली असते. डावखुऱ्यांनी नखाऐवजी सुरुवातीपासून चिमटीने पाते उचलण्याचा सराव करावा, आणि म्हणूनच पात्याचा पुरेसा भाग मुठीबाहेर राहील असा चाकू निवडावा.

मिटणे अधिक धोक्याचे आहे, कारण तिथे स्प्रिंग तुमच्या विरोधात नसून पात्याच्या बाजूने असते. शेवटच्या भागात ती पाते आत खेचून घेते. मूठ डाव्या हातात, खाचेचे तोंड वर ठेवून, फक्त दोन बाजूंनी धरावी. उजव्या हाताच्या तळव्याने पात्याच्या पाठीवर दाब देत ते अर्ध्या थांब्यापर्यंत आणावे. इथे थांबून डाव्या हाताची बोटे खाचेच्या कडेवर चढलेली नाहीत ना, हे डोळ्यांनी पाहावे. मग पाठीवरचा दाब न सोडता पाते सावकाश आत न्यावे. मिटतानाचा खणखणीत आवाज ऐकायला अनेकांना आवडतो, पण ज्या चाकूंत धार स्प्रिंगपर्यंत पोहोचते, त्यांत दर आवाजागणिक धारेवर एकाच जागी खोच पडत जाते. लग्योल या फ्रेंच पद्धतीच्या चाकूंत ही अडचण विशेष दिसते, म्हणून ते नेहमी हळूच मिटावेत.

तपासणी : कोरड्या हातांनी, बसून, कोणतीही वस्तू न कापता ही उघड-मीट इतक्या वेळा करावी की बोटांची जागा विचार न करता साधेल. त्यानंतरच पुढच्या टप्प्याकडे वळावे.

टप्पा ५ : कापणे

बसण्याची जागा आधी ठरवावी. हात लांब करून सभोवार फिरवला तर त्या वर्तुळात दुसरे कोणी नसावे. दोन मांड्यांच्या मधल्या जागेत कधीही कापू नये; तिथे मोठ्या रक्तवाहिन्या असतात. बसून तासायचे असेल तर कोपर गुडघ्यावर टेकवून चाकू गुडघ्यांच्या पुढे किंवा शरीराच्या एका बाजूला चालवावा.

मुठीभोवती चारही बोटे पूर्ण गुंडाळावीत. तर्जनी पात्याच्या बुंध्यावर पुढे सरकवण्याची सवय लागू देऊ नये, कारण पाते मिटले तर पहिला घाव तिच्यावरच पडतो. अंगठा मुठीच्या बाजूवर किंवा मुठीच्या पाठीवर असावा. जोर वाढवण्यासाठी अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवायचा झाला तर एक नियम पाळावा: अंगठा नेहमी धार जिथे कापते आहे त्या जागेपेक्षा मुठीच्या अधिक जवळ असला पाहिजे. कापण्याची जागा अंगठ्याच्या पुढे असेल तर वस्तूकडून येणारा जोर पाते उघडे ठेवतो. अंगठा पुढे आणि कापण्याची जागा मागे असेल तर अंगठाच पाते मिटवू लागतो. लाकूड तासताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पात्याची पाठ ढकलण्याची जी पद्धत आहे, तिलाही हाच नियम लागू होतो.

कामाचा वेग हातावर नसून धारेवर सोडावा. खोक्याची चिकटपट्टी कापताना पाते जवळजवळ आडवे ठेवून केवळ टोकाकडचा थोडा भाग आत जाऊ द्यावा. दोरी लाकडी फळीवर ठेवून पाते पुढे-मागे ओढत कापावी. हवेत धरून हिसका देऊ नये. लाकडाच्या पातळ ढलप्या अनेक वेळा काढाव्यात. एकाच वेळी जाड ढलपी काढण्याच्या प्रयत्नात पाते रुतते आणि खरा धोका इथून सुरू होतो.

रुतलेले पाते काढताना बहुतेक जण मूठ वर उचलतात. पाते लाकडात अडकलेले, मूठ वर चाललेली, म्हणजे चाकू स्वतःच्या हाताने मिटवण्यासारखेच हे आहे. त्याऐवजी बोटे मुठीच्या बाजूंवर सरकवून खाचेपासून दूर घ्यावीत आणि पाते ज्या चिरेत आहे त्याच चिरेच्या रेषेत सरळ मागे ओढावे. तेही जमले नाही तर चाकू स्थिर ठेवून लाकडाची चीर पाचरीने किंचित उघडावी.

इशारा : पुढील कामे या चाकूने करू नयेत, मग गरज कितीही असो. टोक खुपसून चामड्याला किंवा प्लास्टिकला भोक पाडणे, डब्याचे झाकण उचकटणे, स्क्रू फिरवणे, आणि लाकूड फोडण्यासाठी पात्याच्या पाठीवर ठोकणे. पहिल्या कामात पाते मिटते, मधल्या दोहोंत टोक मोडते आणि शेवटच्यात सांध्याची पिन वाकते.

चाकू दुसऱ्याला देताना तो मिटूनच द्यावा. उघडा चाकू हातात घेऊन चालू नये, दोन पावलांवर जायचे असले तरी.

टप्पा ६ : कामानंतर लगेच

फळाचा रस, विशेषतः आंबट रस, कार्बन पोलादावर काही मिनिटांतच डाग धरतो. ओल्या कापडाने पाते पुसावे, मग कोरड्याने, आणि पुसताना कापड पाठीकडून धारेकडे न्यावे. धारेच्या लांबीवरून बोट फिरवत पुसू नये. पाते कोरडे झाल्याशिवाय मिटू नये, कारण मिटलेल्या खाचेतला ओलावा बाहेर पडायला वाट नसते. वापराने पात्यावर येणारा राखाडी-निळसर थर घासून काढण्याची गरज नाही. तो पुढचा गंज काही प्रमाणात थोपवतो. लालसर-तांबडा ठिपका दिसला मात्र त्याच दिवशी तेल आणि अगदी बारीक स्टील वूलने काढावा. खाचेत साचलेला खिशातला कापूस लाकडी दातकोरणीने निघतो.

टप्पा ७ : धार लावणे

कागदाची कड हातात धरून पाते त्यावर ओढले आणि कागद अडकून फाटला, तर धार लावायची वेळ झाली. दिव्याच्या उजेडात धार वर करून पाहिल्यास बोथट जागा चमकणाऱ्या रेघेसारख्या दिसतात. खरी धार उजेड परत पाठवत नाही.

सुरुवातीआधी सांधा आणि खाच यांवर कागदी चिकटपट्टी लावावी, नाहीतर दगडाची भुकटी आत जाऊन टप्पा ३ मधली मेहनत वाया जाते. दगड १००० ग्रिटचा पुरेसा आहे (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचे माप; आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). धारेवर खोच पडली असेल तरच ४०० चा घ्यावा, आणि शेवटच्या हातासाठी ३००० चा. पाण्यात भिजवायच्या प्रकारचा दगड बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावा.

कोन दर बाजूला १५ ते २० अंश ठेवावा. अंदाजाने कोन साधत नसेल तर पात्याची पाठ दगडापासून किती उंच हवी ते मोजावे: १५ मिलिमीटर रुंद पात्यासाठी १५ अंशांना ही उंची सुमारे ३.९ मिलिमीटर आणि २० अंशांना सुमारे ५.१ मिलिमीटर येते. धारेच्या उतारावर मार्कर पेनची शाई लावून दोन-तीन हात मारले की शाई कुठून गेली ते दिसते. फक्त वरची शाई गेली तर पाठ थोडी उचलावी, फक्त काठावरची गेली तर थोडी उतरवावी.

एका बाजूला बुंध्यापासून टोकापर्यंत हात मारत राहावे, ते दुसऱ्या बाजूला धातूची अतिबारीक वळलेली कड, म्हणजे बर, तयार होईपर्यंत. बर पाहण्यासाठी बोट पाठीकडून धारेबाहेर सरकवावे, धारेच्या लांबीने कधीही नाही. टोकाकडे पात्याला गोलाई असते तिथे मूठ किंचित वर उचलावी, म्हणजे कोन टिकून राहतो. बर बुंध्यापासून टोकापर्यंत सलग लागली की मगच बाजू बदलावी. धार न लागण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे की लोक दोन्ही बाजूंना मोजून दहा-दहा हात मारतात आणि बर आली की नाही हे पाहतच नाहीत. दुसऱ्या बाजूलाही बर आली की दाब कमी करत आलटून-पालटून हात मारावेत आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर पाते धारेच्या उलट दिशेने, पाठ पुढे ठेवून ओढावे.

इशारा : दोन चाकांमधून पाते ओढायची स्वस्त यंत्रे या चाकूंसाठी वापरू नयेत. ती गरजेपेक्षा जास्त धातू खातात आणि बुंध्याजवळचा भाग त्यांत पोहोचत नसल्याने काही महिन्यांत धार मधोमध आत गेलेली दिसू लागते.

धार झाल्यावर चिकटपट्टी काढून सांध्याला पुन्हा तेलाच्या दोन फेऱ्या द्याव्यात. पिन सैल वाटली तर ती स्वतः ठोकू नये. एक घाव जास्त बसला की पाते आवळले जाते आणि दुरुस्ती करणाऱ्याचे काम दुप्पट होते.

टप्पा ८ : बाळगणे आणि ठेवणे

नाणी आणि किल्ल्या असलेल्या खिशात चाकू ठेवू नये. खाचेत नाणे शिरले तर पाते थोडे उचलले जाते. विमानात तो हातातल्या बॅगेत सहसा चालत नाही, म्हणून सामान बांधतानाच नोंदवलेल्या (चेक-इन) बॅगेत टाकावा. पाते बाळगण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि कधीकधी ते लॉकवरच अवलंबून असतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८८ च्या कायद्यानुसार ३ इंचांपर्यंतची धार असलेला, लॉक न होणारा घडीचा चाकू सार्वजनिक जागी कारण न देता बाळगता येतो, पण तेवढ्याच लांबीचा लॉक होणारा चाकू त्या सवलतीत येत नाही. आपण जिथे आहोत तिथला नियम चाकू घेण्यापूर्वी पाहून ठेवावा.

बरेच दिवस वापर होणार नसेल तर पात्यावर तेलाचा पातळ हात फिरवून चाकू मिटलेल्या अवस्थेत, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवावा. चामड्याच्या म्यानात दीर्घकाळ ठेवण्याची पद्धत रूढ असली तरी चुकीची आहे: चामडे ओलावा धरते, शिवाय ते कमावताना वापरलेली रसायने पितळी भागांवर हिरवा थर आणि पात्यावर गंज आणतात. जुन्या सेल्युलॉइड मुठीचा चाकू असेल तर तो इतरांपासून वेगळा, हवा खेळती असलेल्या जागी ठेवावा, कारण सेल्युलॉइड जुने होऊन विघटन पावू लागले की त्यातून निघणाऱ्या वाफांनी त्याच पेटीतली बाकीची पातीही गंजतात.